आवणीचं गाणं आणि इंग्रजीचा पेपर

मित्रांनो, मी नाशिकच्या एका कॉलेजातला जुना इंग्रजी कवितासंग्रह आहे. माझ्या पहिल्या पानावर ‘बुक बँक’ असा जांभळा शिक्का आहे. ज्यांना पुस्तकं विकत घेणं झेपत नाही, त्यांच्याकडे मी वर्षभर राहतो, आणि परत करताना माझ्या अंगावर एक रेघही असू नये असा नियम आहे. माझ्या पोटात इंग्लंडच्या हजार वर्षांपूर्वीच्या कविता आहेत. आजच्या इंग्रजीत आणलेल्या असल्या तरी मुलांना त्या जडच जायच्या. खरं सांगू? मला कुणी वाचतच नसे. सगळे गाइड पाठ करत आणि मला उशाला घेत. त्या गाइडचा मला भारी राग यायचा.

१९९७ साली मी मोहिनीच्या हाती पडलो. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची ही मुलगी सरकारी वसतिगृहात राहायची. पहिल्या वर्षाला नापास झालं तर तिथली जागा जाणार आणि जागा गेली की शिक्षण संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं गाइड घेतलं नाही. शब्दकोश पुढ्यात घेऊन ती माझ्या एकेका ओळीवर बारीक पेन्सिलीने मराठी अर्थ लिहायची. पुस्तक म्हणून जन्माला आल्याचा आनंद मला तेव्हा पहिल्यांदा झाला.

त्यातली एक कविता तिची फार लाडकी. ती कुणी रचली हे कुणालाच माहीत नाही. गावातली सगळी माणसं गेलेली आणि मागे उरलेला एकटा त्यांची आठवण काढतोय, एवढंच तिच्यात आहे. प्रत्येक ओळ मधोमध दुभंगलेली, दोन अर्ध्यांमध्ये मोकळी जागा. तासाला मोहिनी भीत भीत उभी राहिली.

“मॅडम, आमच्याकडं आवणीला, म्हणजे भात लावताना, बाया असंच गातात. अर्धी ओळ या बांधाच्या, अर्धी त्या बांधाच्या. एखादी बाय वारली ना, तर त्या साली तिची अर्धी ओळ कोणी म्हणत नाय. तिथं गप राहतात.”

वर्ग हसला. तृप्ती मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या नव्या होत्या, तासिका तत्त्वावर शिकवायच्या. “मोहिनी, पेपरात हेच लिही,” त्या म्हणाल्या. “तुझ्या शब्दांत.”

तिनं तेच लिहिलं. पहिल्या वर्षाचे पेपर कॉलेजातच तपासले जात, आणि इंग्रजीचे गठ्ठे एका ज्येष्ठ सरांकडे होते. त्यांना उत्तर हवं होतं ते गाइडमधलं. आवणीच्या गाण्यावर त्यांनी लाल काट मारली आणि शेजारी लिहिलं, ‘विषय सोडून.’ मोहिनी थोड्या गुणांनी नापास झाली. मॅडम सरांशी भांडल्या, पेपर पुन्हा तपासायला लावते म्हणाल्या. पण तोवर वसतिगृहातली जागा दुसऱ्या मुलीला गेली होती.

मला परत करायला ती आली तेव्हा तिचे वडील, झिपरू, बरोबर होते. ग्रंथालयाच्या टेबलाशी बसून ती खोडरबरने एकेक अर्थ पुसू लागली. ग्रंथपाल वत्सलाबाईंना राहवलं नाही.

“असू दे गं. पेन्सिलच तर आहे.”

“नको बाई. नियम हाय ना.”

झिपरूने टेबलावर पडलेला खोडरबरचा चुरा तळहाताने गोळा केला. मग त्याने हळूच विचारलं, “पोरी, तुला आलं नाय, का त्यांना कळलं नाय?”

“मला नाय माहीत, बा.”

तिनं मान वर केली नाही. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. तिचे सगळे शब्द निघून गेले आणि मला कपाटात ठेवलं. पुढच्या वर्षापासून तृप्ती मॅडमही मुलांना गाइड घ्यायला सांगू लागल्या.

आता अभ्यासक्रम बदललाय आणि मी रद्दीच्या ढिगात पडलोय. मित्रांनो, अशा वेळी ‘पुस्तकं जपा’ असं सांगायची रीत आहे. पण मला जपून आता काय मिळणार? तुमच्यातलं कुणी उद्या शिक्षक होईल, हातात लाल पेन येईल. एखाद्या उत्तरात तुम्हाला ठाऊक नसलेलं गाणं भेटलं, तर काट मारण्याआधी त्या मुलीला बोलवा. तिला म्हणा, “म्हणून दाखव बघू.”

मोहिनीला हे कुणी म्हटलंच नाही. तिनं म्हणून दाखवलं असतं.