मखमलीची उलटी बाही

मित्रांनो, कापड कापायची मी एक जड, म्हातारी कात्री. एके काळी शिवणकारखान्यातल्या लांब टेबलावर सकाळी माझाच आवाज आधी ऐकू यायचा. मी कापल्याशिवाय शिलाईच्या मशिनांना काम कुठून मिळणार?

मी कटिंग मास्तरांची. मला ते कुणाच्या हाती देत नसत. कात्री एकाच अंगठ्याला सरावते, दुसऱ्याने धरली की बिघडते, असं त्यांचं म्हणणं.

कारखान्यात काजं-बटणं करणारी एक बाई होती. नवरा गेलेला, पदरात एक मुलगी. सगळे तिला बटणताई म्हणत. जेवणाच्या सुट्टीत ती मास्तरांपुढे येऊन उभी राहायची.

"मास्तर, मला कापायला शिकवा ना."

"आणि बटणं? तुझी जागा कोण घेईल?"

"कोणीही घेईल. म्हणूनच तर शिकायचंय."

मास्तर हसले आणि पहिल्यांदाच त्यांनी मला दुसऱ्याच्या हातात दिलं.

तिचा हात गोड होता. बाकीच्या बायका टोमणे मारायच्या, "कात्री हाती आली, आता बाईसाहेब आमच्यात कशाला जेवतील!" तीही सोडायची नाही, "तुमच्या भाजीत मीठ असलं तर जेवेन की!"

मग मखमलीच्या कोटांचं मोठं काम आलं. मखमलीला लव असते. सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर शिवल्यावर एक तुकडा वेगळ्याच रंगाचा दिसतो. कापड वाचवायच्या नादात बटणताईने डाव्या बाह्या उलट्या आखल्या. मी आपली रेघेवरून चालत गेले.

कोट खुंट्यांवर लागले तेव्हा प्रत्येकाची डावी बाही काळवंडल्यासारखी दिसत होती. मालक कडाडले, "कोणी कापलं हे?"

बटणताईचा चेहरा पांढराफटक पडला. ती तोंड उघडणार एवढ्यात मास्तर म्हणाले, "मी कापलं. नजर दगा देते हल्ली."

मालक गेल्यावर ती रडायला लागली. मास्तर म्हणाले, "तुला उभ्या उभ्या काढलं असतं, वेडे. माझं नाव काय एका बाहीनं जातंय?"

पण ते गेलं, मित्रांनो. त्यानंतर मास्तरांनी कापलेला प्रत्येक तुकडा मालक उजेडात धरून बघू लागले. मास्तर नुसती मान खाली घालत. पुढे विजेवर चालणारं कटिंग मशीन आलं, तेव्हा मालकांनी बटणताईला टेबलाशी बोलावलं.

"मास्तरांना आता दिसत नाही. कटिंग तू सांभाळशील?"

मी तिथेच होते. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगेल. पण घरी मुलगी होती, आणि ही जागा पुन्हा मिळणार नव्हती.

"बरं," ती म्हणाली.

जाताना मास्तरांनी मला तिच्याच हातात ठेवलं. "तुझ्या अंगठ्याला बसलीय आता," एवढंच बोलले.

बटणताई वर चढत गेली. नवं मशीन शिकली, गिऱ्हाइकांशी बोलायला शिकली, सगळा कारखाना तिच्या शब्दावर चालू लागला. मी तिच्या खणात गंजत पडले. मधूनच ती मला बाहेर काढायची, "सांगते मालकांना" असं पुटपुटायची आणि खण लोटून द्यायची.

एके दिवशी मालक वारले. त्यानंतर तिने मला पिशवीत घातलं आणि मास्तरांचं घर गाठलं.

मास्तर खिडकीशी बसले होते. आता त्यांची नजर खरंच अधू झाली होती. मला चाचपून म्हणाले, "अगं, ही तर माझी! गंज चढवलास की गं."

"मास्तर, ती बाही मी कापली हे मी सांगायला हवं होतं. तुम्ही उगीच..."

ते एकदम पुढे सरकले. "मालकांना सांगितलंस?"

"मालक... गेले, मास्तर. मागच्या महिन्यात."

"असं होय," ते म्हणाले. मग बायकोला हाक मारून त्यांनी चहा ठेवायला सांगितलं. चहा आला, पण कप त्यांच्या हातात तसाच गार होत गेला.

मित्रांनो, कामात खूप वर जा. बटणताईसारखेच मेहनतीने जा, त्यात वावगं काही नाही. पण तुमच्यासाठी कोणी बोल लावून घेतला असेल, तर ज्याने ऐकायला हवं तो माणूस आहे तोवर सांगून टाका.