पुस्तकाबाहेरचं

एकतीस वर्षांत हानुसने चर्चमध्ये स्वतःच्या मनाचा एक शब्दही काढला नव्हता, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! बेटावर माणसं एकवीस. पाळक खाडीपलीकडच्या गावात. समुद्र येऊ देईल तेव्हा तो येणार. बाकीच्या रविवारी हानुसने वेदीपुढच्या कठड्याशी उभं राहायचं, शुभवर्तमान वाचायचं आणि मग जाडजूड छापील पुस्तकातून त्या रविवारचं प्रवचन वाचायचं. वाचकाने वाचायचं, उपदेश करायचा नाही, हा इकडचा रिवाज. छापणाऱ्याने एके ठिकाणी एक ओळ चुकून दोनदा छापली होती, तर हा पठ्ठ्या दर वर्षी ती ओळ दोनदा वाचायचा. म्हातारा सीमुन त्याला चिडवायचा, की तुझ्या घराला आग लागली तरी तू आधी पुस्तकात बघशील. हानुसला ती शाबासकीच वाटायची.

ऑक्टोबरात त्याचा भाचा रोई समुद्रावर गेला तो आलाच नाही. एकटा मासे धरायला गेला होता. होडी सापडली, तो सापडला नाही. देह नाही म्हणून माती देता येईना, आणि माती दिल्याशिवाय गेलेल्याचं नाव चर्चमध्ये घ्यायचं नाही. मृत्यूचा सरकारी कागद उन्हाळ्यापर्यंत येईल, तेव्हा बघू, असं पाळकाने फोनवर सांगितलं. गावाने नऊ दिवस किनारा पालथा घातला. मग मेंढ्या कापायचे दिवस आले आणि जो तो आपापल्या कामाला लागला. गावाला तरी काय बोलणार?

पण रोईची आई सुन्नेवा, हानुसची धाकटी बहीण, ती कुठे जाणार? नवरा आधीच गेलेला, रोई एकुलता एक. नाताळाआधीच्या आगमनकाळातला तिसरा रविवार दोन दिवसांवर आला तेव्हा ती सकाळीच भावाकडे आली. समोर ठेवलेल्या कॉफीला तिने हात लावला नाही.

"दादा, परवा वाचशील तेव्हा एवढं म्हण. रोई गेला, असं म्हण. बास."

हानुस म्हणाला, असं करता येत नाही, तुला माहीत आहे.

"मी घरात शंभरदा म्हणून पाहिलं. माझ्या तोंडून मला पटत नाही. दारात पावलं वाजतात, मी जाऊन उघडते. काल त्याचे मोजे शेगडीवर गरम करत ठेवले मी. मला वेड लागतंय रे. तू तिथे उभा राहून सगळ्यांसमोर म्हणालास, तर मी ऐकेन. त्याच्यासाठी खिडकीत लावलेला दिवा काढून टाकेन."

"बघतो," हानुस म्हणाला. भित्र्या माणसाचा शब्द.

तरी त्या दुपारी त्याने कॅलेंडरचं जुनं पान फाडून मागे लिहायला घेतलं. खोडलं, परत लिहिलं. शेवटी उरल्या तीन ओळी: सुन्नेवाचा मुलगा रोई समुद्रात गेला. तो येणार नाही. आपण त्याची वाट पाहणं थांबवू या. इंजिन दुरुस्त करताना शिट्टी वाजवणारा रोई त्याला आठवला आणि तो टेबलावर डोकं टेकून रडला. मग त्याने कागद पुस्तकात, प्रवचनाच्या मधोमध ठेवला.

त्या रविवारच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची गोष्ट. तुरुंगात पडलेला योहान येशूला निरोप पाठवून विचारतो, येणारा तो तूच का, की अजून कुणाची वाट पाहू? त्यावरचं छापील प्रवचन मोठं गोड. येणारा येतोच, उशीर झाला म्हणून दिवा विझवू नका, वाट पाहणाऱ्याची कधी फसगत होत नाही. योहान बिचारा त्या तुरुंगातून सुटला नाही, त्याचं मुंडकं तबकात गेलं, हे काही त्या पानावर नव्हतं.

हानुस वाचत वाचत कागदापाशी आला. दुसऱ्या बाकावर सुन्नेवा बसली होती आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्याने श्वास घेतला. एकतीस वर्षांची सवय हो, अंगठ्याने आपलं काम केलं. पान उलटलं, पानाबरोबर कागद उलटला, आणि पुढची ओळ त्याने खणखणीत आवाजात वाचली. दिवा विझवू नका.

दारात सीमुन म्हणाला, आज वाचन झकास झालं. सुन्नेवाने चार शिव्या हासडल्या असत्या तर हानुसने निमूट ऐकून घेतल्या असत्या. पण तिने त्याचा हात दाबला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"बरं झालं सांगितलंस, दादा."

आणि हा शहाणा समजला, की बहीण सावरली. कागद त्याने खिशात टाकला आणि घरी जाऊन पोटभर जेवला.

नाताळच्या सकाळी सुन्नेवा चांदीच्या गुंड्यांचा सणाचा पोशाख घालून आली. बाकावर बसली आणि शेजारी एक जागा मोकळी ठेवली. हानुस बायबलातला यशया वाचत होता. आपल्याला बाळ झालं आहे, आपल्याला मुलगा दिला आहे. ठाऊक असलेली बातमी ऐकावी तशी सुन्नेवाने मान डोलावली. पुढचं हानुसने काय वाचलं ते त्याचं त्याला कळलं नाही.

जेवण तिच्याकडेच होतं. वाऱ्यावर सुकवलेलं मटण, बटाटे, आणि टेबलावर तीन ताटल्या. खिडकीत भर दिवसा दिवा जळत होता. शेगडीवर मोजे होते. हानुसने जवळची खुर्ची ओढली.

"ती नको. ती रोईची."

हानुस उभाच राहिला. कागद खिशात होता, पण काढायची गरज नव्हती, तीन ओळी पाठ झाल्या होत्या.

"सुन्नेवा, रोई गेला. समुद्रात गेला. तो येणार नाही. आपण वाट पाहणं थांबवू या."

तिने त्याच्याकडे मायेने पाहिलं. म्हातारपणी भाऊ जरा भ्रमिष्ट झाला, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं.

"पुस्तकात तसं नाहीये, दादा," ती म्हणाली. "तू कधीपासून मनाचं बोलायला लागलास?"

आणि मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा तिने तिसऱ्या ताटलीत वाढला.