मिरचीचं मलम

रविवारची सकाळ. चर्चची घंटा व्हायची होती आणि फुआतिनो तारोचे कंद पायाखाली दाबून डाव्या हाताने सोलत होती. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. आमच्याकडे तापवलेल्या दगडांवर रांधतात; लग्न होऊन आमच्या गावात आली त्याच वर्षी चुलीतला तसा एक दगड काढताना त्या हातावर पडला. जखम भरली, पण आतली शीर काही शांत झाली नाही. कोपरापासून बोटांपर्यंत आग, आणि नुसती चादर लागली तरी कळ मस्तकात जायची. दगड उचलणं खरं तर पुरुषांचं काम. पण घरात नोफोताने, म्हणजे नवऱ्याच्या गावी नांदणारी सून, आली की पुरुष खुशाल पसरतात. तिने सगळ्यांना वाढायचं, शेवटी जेवायचं आणि न विचारता तोंड उघडायचं नाही. याला आम्ही सामोआतली माणसं रीत म्हणतो. लाज वाटते मला!

दवाखान्यातल्या नर्सने तिला मिरचीच्या अर्काचं मलम दिलं होतं. आधी झोंबतं, पण खंड न पाडता महिनाभर लावलं की शीर निवते. खंड पडला की सगळं पहिल्यापासून. पहिली ट्यूब सासूने, तालोसांगाने, आपल्या गुडघ्यांना लावून संपवली. दुसरी पाहुण्यांत वाटली. सुनेचं ते घराचं!

"अहो आई, ते मलम..." फुआतिनो तेव्हा सांगायला गेली होती.

"तुला कुणी विचारलं? आली मोठी डॉक्टरीण! कामं चुकवायला हाताचे नखरे."

नणंद रुता फिदीफिदी हसली. नवरा साकारिया ताटाकडे बघत राहिला.

तिसरी ट्यूब नर्सने जास्त कडक दिली. हातमोजा घालून थोडंसंच लावायचं, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर नाही, डोळ्यांजवळ तर मुळीच नाही. फुआतिनोने ती तारोच्या टोपलीत लपवली होती. हात निवत चालला होता. काल रात्री तर तिने चादर अंगावर ओढून घेतली होती.

"हे काय लपवलंस गं?" तालोसांगा गरम पाण्याने न्हाऊन आली होती. तिने ट्यूब पिळून पिळून दोन्ही गुडघ्यांना चोळली, रिकामी करून फेकली आणि हात कपड्याला पुसले. फुआतिनोच्या ओठांवर आलेले शब्द तिने गिळले. कुणी विचारलं होतं तिला?

चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली. तालोसांगाने भक्तिभावाने डोळे टिपले, आणि मग काय विचारता!

"मेले, मेले गं बाई!"

गुडघे पेटले, डोळे पेटले. कुणीतरी गुडघ्यांवर कोमट पाणी ओतलं, त्याने आणखीच भडका. अख्खं गाव बघत होतं.

"ए बये, आधी बोलली का नाहीस?" रुता किंचाळली.

"नोफोतानेने न विचारता बोलायचं नाही," फुआतिनो बसल्या जागेवरून म्हणाली. तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं.

"मग आता उपाय सांग ना!"

"आईंनी विचारावं. मला, नावाने."

तालोसांगा दातओठ खात राहिली. सुनेला विचारायचं, तेही गावासमोर! पण आग काही थांबेना.

"फुआतिनो, सांग ना गं. काय करू?"

"गुडघे खोबरेल तेलाने पुसा, मग साबण लावा. डोळ्यांवर गार पाणी, भरपूर."

"मग चल, पूस तू!"

"मी नाही पुसणार. माझा हात दुखतो."

हे वाक्य ऐकून त्या दिवशी कुणीही हसलं नाही. फुआतिनो नवऱ्याकडे वळली. "साकारिया, चुलीचे दगड आजपासून तू काढायचे. नवी ट्यूब आणीन ती माझीच राहील. जमत नसेल तर तसं सांग, मी माहेरी जाते."

साकारिया उठला आणि घराकडे चालू लागला. त्या दुपारी दगड त्याने काढले. सगळे तोंड पाडून जेवले, वाढायला कुणी उभं नव्हतं. फुआतिनो पहिल्या पंगतीला बसली होती. तिचा मलमाचा महिना मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाला, आणि ते नुकसान तिला कुणी भरून दिलं नाही.

गावातल्या काही बायका तिला अजून दुष्ट म्हणतात. म्हणोत बापड्या. तुमच्याही घरात न विचारता न बोलणारी कुणी असेल, तर तिला आजच विचारा, तुझं काय दुखतंय म्हणून. तुमच्यावर विचारायची पाळी येईल, तेव्हा ती सांगेलच असं नाही.