बाणातला ण

मुद्रितशोधनात तीस वर्षं घालवलेल्या मावशी सकाळी मेल वाचत होत्या, तोच संगणकाचा पडदा लाल झाला: ‘तुमच्या संगनकात व्हायरस शिरला आहे. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ मावशींनी फोन लावला.

“घाबरू नका, मी सांगतो तो प्रोग्राम उतरवून घ्या,” पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला.

“घेते. पण ‘संगणक’मध्ये ण बाणातला हवा.”

“अहो बाई, शुद्धलेखन कसलं काढताय? आधी बटण दाबा!” तो खेकसला.

त्या खेकसण्यानं मावशी भानावर आल्या. त्यांनी फोन ठेवला आणि संगणकाची वायरच उपटली. संध्याकाळी भाचीनं सगळं तपासलं. काहीच गेलं नव्हतं. तिनं पासवर्ड बदलून दिले.