उपाशी रक्त

वडील गणपतराव डायलिसिसवर गेले, त्या आठवड्यात अनुजा अंबाबाईला नवस बोलली होती: अण्णा चालतेबोलते राहोत, मी दिवेलागणीनंतरच जेवीन. तेव्हापासून दिवसा तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता.

ती काम करायची त्या प्रयोगशाळेत तिच्या नेमाचा सगळ्यांना फायदाच झाला. डायलिसिसच्या नळीला आतून रक्तातली प्रथिनं चिकटतात, त्यांच्यावर गुठळ्या धरतात आणि नळी तुंबते. ती चिकटू नयेत म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख वर्षाराणी मॅडमनी एक लेप तयार केला होता. लेप दिलेल्या काचेवरून रक्तातलं पिवळं पाणी सोडायचं आणि काचेखालून प्रकाशाचा किरण मारायचा. वर थर धरला, की परतणाऱ्या किरणाचा कोन बदलतो आणि पडद्यावरची रेघ चढते. रक्त अनुजाच द्यायची. उपाशीपोटीचं, अगदी नितळ. रेघ जागची हलायची नाही. तुझं रक्तसुद्धा सोवळ्यातलं, असं मॅडम थट्टेनं म्हणायच्या.

आता लेपाच्या नळ्या शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात रुग्णांवर वापरून बघायच्या होत्या. त्या रुग्णांत अण्णाही होते.

नळ्या पाठवायच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा डायलिसिसला निघण्यापूर्वी भाकरीवर लोणी घेऊन बसले होते. आत्ता कशाला जेवता, असं तिनं विचारलं.

"मग काय तर. उपाशी गेलं की डोळ्यापुढं अंधारी येती. तिथं सगळीच जेवून येत्यात."

अनुजा तिथंच थांबली. जेवणानंतर रक्तात चरबी उतरते, ते पिवळं पाणी दुधाळ होतं, हे तिला ठाऊक होतं. लेप मात्र एकदाही तसल्या रक्तावर तपासला नव्हता.

प्रयोगशाळेत मॅडमनी तिचं ऐकून घेतलं. उपाशीपोटी रक्त घ्यायची पद्धतच आहे, आपलं काही चुकलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. पण जेवलेल्या माणसाच्या रक्तावर तपासल्याशिवाय नळ्या पाठवता येणार नाहीत, हे त्यांनाही कळत होतं. दुसऱ्या कुणाचं रक्त घेऊन भागणार नव्हतं; फरक जेवणाचा की माणसाचा, ते कळलं नसतं. त्यांनी अनुजाकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. जेव, असं काही त्यांच्या तोंडून निघेना.

अनुजानं बाहेर येऊन अण्णांना फोन लावला. नेम त्यांच्या जिवासाठीचा होता, त्यांना न विचारता कसा मोडायचा? पलीकडं डायलिसिसच्या यंत्राचा आवाज चालूच होता, त्यातच तिनं सगळं सांगितलं.

"जेव," अण्णा म्हणाले. "देवीनं इचारलं तर माझं नाव सांग. म्हणावं, म्हाताऱ्यानं मोडाय लावला."

मॅडमच्या डब्यातली चपाती आणि तेल सुटलेली शेंगदाण्याची चटणी तिनं पुढं ओढली. पहिला घास कितीतरी वेळ तोंडातच फिरत राहिला.

दुपार कलल्यावर तिनं रक्त दिलं. रेघ चढली, तर लेप गेला. नाही चढली, तर नेम फुकट मोडला. देवीपुढं नेमकं काय मागावं, हेच तिला सुचेना. म्हणून तिनं काहीच मागितलं नाही, नुसतं पडद्याकडं बघत राहिली.

रेघ थोडा वेळ सरळ गेली. मग हळूहळू वर निघाली आणि थांबेचना.

मॅडमनी यंत्र बंद केलं आणि दवाखान्याला फोन करून नळ्या येणार नाहीत एवढंच सांगितलं.

संध्याकाळी घरी अण्णा थकून पडले होते. आजही नळी मध्येच तुंबली होती, पुन्हा सुई टोचावी लागली होती. दंडावर काळंनिळं झालं होतं. अनुजानं दिवा लावला, त्यांच्यासाठी पान वाढलं आणि स्वतः मात्र न जेवता त्यांच्या उशाशी बसून राहिली.