चार वाजून दहा मिनिटं

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे, कारण दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचाच तिला पगार मिळत होता. चिडवायचे तर चिडवोत बापडे. दवाखान्यांच्या नोंदी सांभाळणारा डेटाबेस ही मंडळी बनवत, आणि तो ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला होता तिची दरवर्षी नवी आवृत्ती यायची. आली की तिच्यावर सगळा डेटाबेस चालवून बघायचा, जुनं काही मोडलं तर नाही ना म्हणून. एकूण अकराशे चाचण्या. पास झाली ती हिरवी, नापास झाली ती लाल. सगळ्या हिरव्या झाल्या की मास्तरीणबाईंची सही, आणि मग माल दवाखान्यांकडे रवाना.

त्या अकराशेंत एक चाचणी आईची होती. दहा वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी चार वाजून दहा मिनिटांनी एका इंजेक्शनपुढे 'चालू ठेवा' असं नोंदवलं, आणि तिथल्या तिथे, त्याच मिनिटाला, विचार बदलून 'बंद करा' नोंदवलं. दोन्ही नोंदींची वेळ एकच, म्हणून दवाखान्याच्या कॉम्प्युटरनं क्रम उलटा लावला. स्क्रीनवर शेवटी राहिलं 'चालू ठेवा'. नर्स बिचारी स्क्रीनवर दिसेल ते करणार. पाच दिवस जास्तीचं इंजेक्शन गेलं आणि आईचे दोन्ही कान गेले, कायमचे.

तो डेटाबेस दुसऱ्याच कुणाचा होता. तिचा थोरला भाऊ, दादा, तेव्हा इतका पेटला होता की त्यानं हेच काम धरलं. या कंपनीत मुख्य झाल्यावर त्यानंच बहिणीला कामावर घेतलं, आणि पहिल्या दिवशी शेजारी बसवून म्हणाला, "सगळ्यात आधी आईची चाचणी लिहू." दोघांनी मिळून लिहिली. त्याच दोन नोंदी, तीच चार-दहाची वेळ. शेवटचं उत्तर 'बंद करा' आलं तरच पास. आई ज्याला त्याला कौतुकानं सांगायची, माझी पोरं आहेत तिथे असं पुन्हा कुणाचं होणार नाही.

यंदाची आवृत्ती आली. सोमवारी अकराशेंत एकच चाचणी लाल निघाली, आणि ती नेमकी आईची. भाषेच्या नव्या आवृत्तीत सारख्या वेळेच्या नोंदी पुन्हा उलटसुलट लागत होत्या. तिनं जाऊन दादाला सांगितलं. "बघतो," तो मान वर न करता म्हणाला. गुरुवारी तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "झालं बघ सगळं हिरवं." तिनं डोळे झाकून सही केली. सख्ख्या भावावर कसली शंका घ्यायची?

शुक्रवारी दुपारी चहाचा कप घेऊन ती सहज बघायला बसली, दादानं हे निस्तरलं तरी कसं. चार गोष्टी शिकायला मिळतील, एवढाच हेतू. बघते तर डेटाबेसला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता. बदल होता तो चाचणीत, अवघा एका आकड्याचा. 'बंद करा'च्या नोंदीची वेळ चार-दहाची चार-अकरा झाली होती. वेळाच वेगळ्या झाल्यावर क्रम चुकतो कशाला? आणि बदल करणाऱ्याच्या रकान्यात दादाचं नाव.

कप तसाच ठेवून ती त्याच्या केबिनमध्ये गेली.

"दार लाव," तिचा चेहरा बघून दादा म्हणाला.

"चार-अकरा कुठून आलं?"

"पुढच्या महिन्यात नीट करणार आहे. चाळीस दवाखाने थांबले होते, मला वरून रोज विचारणा होत होती. एकाच मिनिटात दोन नोंदी, असं होतं तरी किती वेळा?"

"आपल्या घरात एकदा झालं."

दादा समोरचे कागद आवरायला लागला.

"मी सही केली, दादा. तू दुरुस्त केलंस म्हणून."

"दुरुस्त केलं असं मी म्हणालो नव्हतो. हिरवं झालं म्हणालो होतो."

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. दुसऱ्या कुणाचा बदल असता तर तिनं तो भिंग लावून तपासला असता, आणि हे दादाइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या विश्वासाच्या जोरावरच त्यानं हे खपवलं होतं. भांडायची ताकदही तिच्यात उरली नाही. ती जागेवर आली, चार-अकराचं पुन्हा चार-दहा केलं, चाचणी चालवली. लाल. मग चाळीसही दवाखान्यांना तिनं स्वतःच्या नावानं कळवलं की माझी सही मी मागे घेत आहे, डेटाबेसची ही आवृत्ती बसवू नका. कुणाला विचारलं नाही. पर्स उचलली आणि घर गाठलं.

आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "लवकर आलीस? काय झालं?" तिनं विचारलं. घरात आईशी बोलायची एक वही होती, दोरीनं पेन्सिल बांधलेली. लेकीनं वहीत सगळं लिहिलं, दीड पान. आई ओळीखाली बोट धरून वाचत गेली. चार-अकरापाशी बोट थांबलं.

"कुणी केलं?"

तेवढंच तिनं लिहिलं नव्हतं. आता लिहिलं: दादानं.

आईनं वही मिटली. दादाच्या शर्टाची घडी घातली, मोडली, परत घातली.

सहाच्या सुमारास दादा आला, तो तणतणतच. "काय करून ठेवलंस? फोनवर फोन येतायत मला." मग त्याला आईच्या मांडीवरची वही दिसली आणि तो तिच्याकडे वळला. हातवारे करत भराभर बोलायला लागला: त्याचा नाइलाज होता, फक्त एका महिन्याचा प्रश्न होता, त्याला काय आईची काळजी नाही?

आई त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनं वहीचं कोरं पान काढलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"मला ऐकू येत नाही रे," आई म्हणाली. "लिही."

दादा खाली बसला. पेन्सिल कागदाला टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. आत्ता तोंडातून धो धो येत होतं त्यातलं एक वाक्य त्याला लिहिता येईना. आई समोर बसून होती, आणि तिला कसलीही घाई नव्हती.