कॉम्प्युटरचं झबलं

माझे सासरे शिंपी. धूळ बसू नये म्हणून त्यांनी माझ्या गेमिंग कॉम्प्युटरचं माप घेऊन झबल्यासारखं कव्हर शिवलं आणि मी गेम चालू ठेवून आंघोळीला गेले, तेवढ्यात चढवलंसुद्धा. उन्हाळ्याचे दिवस. ग्राफिक्स कार्ड तापून गेम बंद पडला. माझं डोकं त्याहून तापलं.

“बाबा, त्याला वारा लागतो! जळलं असतं ना आत्ता!”

दुसऱ्या दिवशी कव्हर गायब आणि कॉम्प्युटरसमोर टेबलफॅन. कार्ड अगदी थंड. मी खूश.

दुपारी डबा घेऊन दुकानात गेले. बाबा घामाने निथळत मशीन चालवत होते.

“पंखा कुठाय?”

“वाऱ्याने कापड उडतं गं.”

वीस वर्षं कधी उडालं नव्हतं.